मधला बॉल

पाच वाजले की इमामबीचा हात थांबतो. हातात चहाची बशी असो, जपाची तसबी असो नाहीतर निवडायची मेथी, कान मागच्या खिडकीकडं जातो. खिडकीपलीकडं गावाचं मैदान आहे आणि तिथून वर्षानुवर्षं रोज याच वेळेला एक आवाज यायचा. बॉलचा नव्हे, तो तर यायचाच. आवाज तिच्या नवऱ्याचा, चांदभाईचा. "कुणाचा व्हता?"

आता तो येत नाही. चांदभाई गेला. इमामबी इद्दतीत बसली आहे. नवरा गेला की बाईनं ठरलेले महिने घराचा उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, आणि ती ते मनापासून पाळते आहे. त्याबद्दल तिची तक्रार नाही. तक्रार आहे ती खिडकीतून दिसणाऱ्या एका वस्तूची. मैदानावर दोन लोखंडी खांबांना व्हॉलीबॉलची जाळी बांधलेली आहे. चांदभाई ज्या संध्याकाळी कोसळला, त्या संध्याकाळी त्यानंच ती बांधली होती. तेव्हापासून तिला कुणी सोडवलेलं नाही.

जाळीचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. तेच तर सांगायचं आहे.

चांदभाई मांडवगण फराट्याचा. बाप गाद्या पिंजायचा. पोरगं शाळेत काही दिवे लावत नाही असं बघून त्यानं त्याला दौंडला एका वेल्डिंगच्या दुकानात चिकटवलं. दुकानामागं रेल्वेची वसाहत होती. ड्युटी संपवून आलेली माणसं तिथं संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळायची. बॉल गटारात गेला की काढून, पुसून आणून द्यायचं काम आपसूक चांदभाईकडं आलं. एकदा एक गडी कमी पडला आणि पोऱ्याला कोपऱ्यात उभा केला. झालं. दौंडहून तो दोन गोष्टी शिकून आला. "एकीनं पोट भरलं, दुसरीनं जन्म खाल्ला," असं इमामबी चिडली की म्हणायची.

गावात आला तेव्हा त्याच्याकडं एक जुनं वेल्डिंगचं मशीन होतं आणि शिवण उसवलेला एक बॉल. मांडवगणात तोवर कुस्ती होती, कबड्डी होती. हा खेळ बघून गाव हसलं. वर तोंड करून उभं राहायचं आणि आलेली वस्तू पलीकडं ढकलून द्यायची, हा काय खेळ? हे तर आमच्या ग्रामपंचायतीत रोज चालतं, असं पारावरचे लोक म्हणाले. चांदभाईनं ऐकून घेतलं. बोअरच्या केसिंगचे दोन पाइप जोडून खांब केले, काट्याकुट्याचं मैदान स्वतः साफ केलं आणि पाच वाजता दुकानाचं शटर ओढायला लागला. मग कुणाचा नांगराचा फाळ मोडलेला असो की कुणाच्या ट्रॉलीचा हूक तुटलेला असो. "उद्या या आप्पा, आता पोरं यायची येळ झाली." गिऱ्हाईक शिव्या देत जाई आणि दुसऱ्या दिवशी परत येई, कारण जोड पक्का असायचा.

जाळी मात्र त्याच्याकडं नव्हती. सुतळी बांधून भागवत होता. तेवढ्यात त्याचं लग्न झालं.

इमामबी भीमेकाठची, दौंडच्या बाजूची. माहेरी शेजारी भोयांचं घर. त्यांच्या मुक्ताबाईनं तिला लहानपणी मासे धरायचं जाळं विणायला शिकवलं होतं. नवीन नवरीला चांदभाईनं विचारलं, तुला काय काय येतं? तिनं स्वयंपाक सांगितला, शिवण सांगितलं, आणि लाजत लाजत जाळ्याचंही सांगून टाकलं. माणूस उठून बसला. बायकोच्या रूपावर भाळणारे नवरे तिनं ऐकले होते, हा गाठीवर भाळला. दुसऱ्याच दिवशी त्यानं शिरूरहून नायलॉनचा दोरा आणला.

गाव त्या वस्तूला नेट म्हणतं. इमामबी जाळीच म्हणते. जुनी झाली की ती नवी विणायची, फाटली की सांधायची. खेळ संपला की जाळी सोडून, घडी करून घरी आणायची हा चांदभाईचा नेम होता. दवानं, उन्हानं दोरा कुजतो, आणि गाढवं अंग घासतात. पण खरं कारण निराळं असावं. तो घडी तिच्या मांडीवर ठेवायचा आणि खाटेवर बसून त्या दिवशीचा सगळा खेळ सांगायचा, आणि ती ऐकत ऐकत भोकं बुजवायची. ती स्वतः मैदानावर कधीच गेली नाही. बायामाणसांनी तिकडं जायची रीत नव्हती. तिचा खेळ खिडकीतून दिसेल तेवढा आणि मांडीवर येईल तेवढा.

त्यामुळं चांदभाईची ती एक शिकवण तिला पाठ झाली होती. दोघांच्या मध्ये बॉल आला की ज्याला जमेल त्यानं मोठ्यानं "माझा" म्हणायचं आणि पुढं व्हायचं. ऐकायला सोपं आहे. पण आपल्याकडं "माझं" म्हणायची सवय फक्त शेताच्या बांधावर. एरवी पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहायची, तू घे, तू घे, आणि बॉल दोघांच्या मधोमध धुळीत पडायचा. मग चांदभाई खेळ थांबवायचा. रागवायचा नाही. शांतपणे विचारायचा, "कुणाचा व्हता?" पोरं एकमेकांकडं बोट दाखवायची. तो तसाच उभा. दोघंही "माझा" म्हणेपर्यंत पुढची सर्व्हिस नाही.

"मधी पडलेल्या बॉलला एक धनी नसतो," तो म्हणायचा. "दोन असत्यात. दोघांनीबी उचलायचा."

पोरांचा संघ जमला, तालुक्यात नाव झालं. मग चांदभाईच्या डोक्यात पोरींचा संघ आला. तेव्हा गावात निम्म्या घरांत त्याच्यावर तोंडसुख घेतलं गेलं. तरी पाच पोरी मिळाल्या. शिरूरला स्पर्धा होती आणि सहावी मिळेना.

त्या रात्री जेवताना ताटाकडं बघत तो म्हणाला, "सायमाला पाठवू का?"

सायमा त्यांची एकुलती एक. चणीनं उंच, हाताला चपळ. बापानं न शिकवता तिला सगळं येत होतं, कारण पाच वाजले की ती मागच्या खिडकीचे गज धरून उभी असायची.

"दुसऱ्याच्या पोरी नाचवताय तेवढं पुरं," इमामबी म्हणाली. "आपल्या पोरीला सोयरीक बघायची हाय. जमातीतली माणसं काय म्हणतील? न्हाई म्हंजी न्हाई."

चांदभाईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवण उरकलं. सगळ्या मैदानाला जाब विचारणारा हा माणूस घरात मात्र कधी आवाज चढवायचा नाही. भिंतीपलीकडच्या वच्छलाबाईनं सगळं ऐकलं होतं. भाजी पिकवून बाजारात विकणारी बाई, तोंडाला पदर लावून बोलणं तिला माहीत नव्हतं. सकाळी तिनं भिंतीवरून डोकं काढून सांगितलं, "आमची गौतमी न्या चांदभाई. नायतरी घरात धिंगाणाच घालती."

गौतमी सहावी झाली. पुढं खेळाच्या जोरावर शिकली, आज वढू बुद्रुकच्या शाळेत मास्तरीण आहे. सायमा खिडकीत राहिली. एकदा इमामबी पाणी घेऊन आत आली तेव्हा पोरगी गजांना कपाळ टेकून उभी होती. बाहेर बॉल वर गेला होता आणि सायमाचे ओठ हलले होते. आवाज नव्हता. नुसते ओठ. माझा.

इमामबीनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. यथावकाश सायमाचं दौंडला लग्न झालं. सासर चांगलं, नवरा चांगला, पोरंबाळं झाली. तक्रारीला कुठं जागा नाही. असती तर इमामबीला कदाचित बरं वाटलं असतं, दुसऱ्या कुणावर तरी रागावता आलं असतं.

बाकी चांदभाईच्या हातून पोरं तरून गेली. जालिंदर दौंडला राखीव पोलिसांत लागला. कुणी रेल्वेत, कुणी फौजेत. हृतिकला कारेगावला कंपनीत घेतलं ते कंपनीच्या संघासाठी, पुढं तो तिथंच नोकरीत कायम झाला. गावात सणासुदीला एखादी वर्दी दिसली की समजावं, हिनं चांदभाईच्या मैदानाची धूळ खाल्लेली आहे. चांदभाईचं दुकान मात्र होतं तेवढंच राहिलं, आणि गुडघे गेले. गुडघ्यांना पट्टे बांधून तो मैदानाच्या कडेला उभा राहायचा आणि तोच प्रश्न विचारायचा.

त्या संध्याकाळी त्यानं जाळी बांधली, वरची गाठ ओढली आणि खांबाला धरून खाली बसला. पोरींना वाटलं, गुडघा. त्याला जीपमध्ये घालून शिरूरला नेलं, पण वाटेतच सगळं संपलं. जनाजा उठला तेव्हा गल्लीपासून मैदानापर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती. इमामबीनं तो खिडकीतूनच पाहिला, जसं त्याचं सगळं आयुष्य पाहिलं होतं.

आठवडाभरानं जुने खेळाडू भेटायला आले. पुरुषमाणसं ओट्यावर सतरंजीवर बसली, बाया आत. मधे पडदा. चौकात तोवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता, त्यात पुढाऱ्यांचे चेहरे परातीएवढे आणि चांदभाईचा बशीएवढा. ओट्यावरून आवाज येत होते. चांदभाईच्या नावानं चषक सुरू करू. मैदानाला कमान करू. कुणी म्हणालं, पुतळा. मुसलमान माणसाचा पुतळा करत नाहीत रे बाबा, असं कुणीतरी हळूच सांगितलं. मग कमान नक्की झाली. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण वाढणाऱ्यांचे डोळे खरोखर ओले होते, हेही सांगायला पाहिजे. वाईट त्यांतलं कुणीच नव्हतं.

"ते हुईल तवा हुईल," जालिंदर म्हणाला. "पर रोज पाचला पोरांस्नी कोण बघणार? गौतमी, तू मास्तरीण हायेस. तुला जमंल."

"मी वढूला राहते दादा. रोज कशी येणार?" गौतमी आतून म्हणाली. "हृतिकला जवळ पडंल."

"माझी शिफ्ट असती ताई. एका आठवड्याला दिवसपाळी, एका आठवड्याला रात," हृतिक म्हणाला. "जालिंदरदादा सीनियर हायेत. त्यांनी मनावर घेतलं तर..."

पडद्याआड इमामबी ऐकत होती. बॉल वर गेलेला तिला दिसत होता. सगळे मान वर करून उभे होते. तिच्या तोंडाशी तो प्रश्न आला होता, पण परक्या पुरुषांत बोलायचं कसं, आणि तो प्रश्न तिचा नव्हता. ती एवढंच म्हणाली, "तेवढी जाळी सोडून आणा रे कुणीतरी. उन्हात कुजती."

"आणतो की चाची," ओट्यावरून एकदम तिघंचौघं म्हणाले.

जालिंदरला वाटलं हृतिक आणेल, त्याचं घर मैदानाच्या वाटेवर. हृतिकला वाटलं जालिंदरदादांनी शब्द दिलाय. गौतमीला वाटलं, एवढे पुरुष आहेत, आणि गाठ उंचावर आहे. रात्री जालिंदरचा फोनही आला, "चाची, जाळी आणली ना त्यांनी?" इमामबी म्हणाली, हो. काय म्हणणार.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईनं भिंतीवरून विचारलं, "इळा घिऊन जाती आन् कापून आणती. काय त्यात?"

"नगं वच्छला. त्यांच्या हातची गाठ हाय ती." आणि मग पदर तोंडाला लावून ती रडली. "सगळी चांगली हायेत गं. पर बॉल मधी पडला."

चांदभाईच्या मागं पोरं आठवडाभर मैदानावर आली. मोठे काहीतरी करणार आहेत असं त्यांच्या कानावर होतं, म्हणून वाट बघत बसली. मग एकेक गळाली. नव्याचे नऊ दिवस असतात, तसे दुःखाचेही असतात. कुणी मैदानावर ट्रॅक्टर उभा करायला लागलं. एका मांडववाल्यानं लग्नातल्या चादरी जाळीवर वाळत घातल्या. इमामबी खिडकीतून सगळं बघत होती. जाळीचा पांढरा दोरा पिवळा पडला, मग करडा. मधे दोन मोठी भोकं पडली. आपल्या अंगावरचं कापड कुणी भर चौकात फाडावं आणि आपल्याला उठता येऊ नये, तसं तिला रोज वाटे. खिडकी लावून घ्यावी म्हटलं तर तेही होईना.

इद्दत सुटली त्या दिवशी दौंडहून सायमा आली. आईला न्हाऊ घातलं, नवं लुगडं नेसवलं, दुवा झाली, शेजाऱ्यांना शिरा वाटला. पाच वाजले. इमामबीनं डोक्यावर ओढणी घेतली, फळीवरची लाकडी सुई आणि दोऱ्याचं बंडल उचललं आणि मागच्या दाराची कडी काढली.

"अम्मी, कुठं?"

"मैदानावर."

सायमानं कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि मागोमाग निघाली.

खिडकीतून जे एवढंसं दिसायचं ते प्रत्यक्षात केवढं मोठं होतं. चांदभाई जिथं उभा राहायचा तिथली माती अजून दबलेली होती. सायमानं स्टूल खांबाला लावलं, वर चढली, गाठीशी झटली. उन्हानं गाठ आवळून दगडासारखी झाली होती. तिनं नखं लावली, दात लावले.

"अम्मी, न्हाई सुटत."

इमामबीनं आयुष्यभर या जाळीतली गाठ न् गाठ मारली होती. ही एकच गाठ तिची नव्हती, आणि ती कशी मारतात हे तिनं कधी विचारलं नव्हतं. रोज सुटलेली जाळीच तर तिच्याकडं यायची.

"राहू दे," ती म्हणाली. "उतर खाली."

आणि ती उभ्या उभ्याच जाळी सांधायला लागली. सुई भोकातून काढायची, गाठ ओढायची. दोन गाठी झाल्या आणि तिला हुंदका आला. घरात भिंतींनी ऐकू नये म्हणून दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. ती भर मैदानात, उजेडात, रडत होती आणि हात चालू होते. सायमानं तिला थांबवलं नाही. जाळी ताणून धरली.

क्लासवरून परतणाऱ्या पोरी सायकली टेकवून थांबल्या. त्यात करिश्मा होती, चांदभाईच्या शेवटच्या संघातली.

"चाची, काय करताय?"

"दिसत न्हाई का? भोकं बुजवतीय."

"आमाला वाटलं मोठी माणसं काहीतरी करणार हायेत," करिश्मा खाली बघून म्हणाली. "म्हणून आमी थांबलो."

"बॉल खाटंखाली पोत्यात हायेत," इमामबी डोळे पुसत म्हणाली. "आण जा."

करिश्मा पळत गेली. एक पोरगी जाळीच्या पलीकडं सर्व्हिस टाकायला उभी राहिली. अलीकडं सहा जणी लागतात. करिश्मानं मोजल्या. पाचच होत्या.

इमामबीचा हात थांबला. सायमाकडं बघायचा तिला धीर झाला नाही. तिनं सुईकडंच बघत म्हटलं, "सायमा. जा, उभी राहा."

"अम्मी, काहीतरीच काय. माझं वय काय झालं? आन् मला कुठं येतंय?"

"खिडकीतनं सगळं बघितलंय तू. मीबी बघितलंय तुला. जा."

सायमानं चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि मागच्या ओळीत जाऊन उभी राहिली, करिश्माच्या शेजारी.

सर्व्हिस आली. बॉल उंच चढला आणि बरोब्बर करिश्मा आणि सायमाच्या मधे उतरायला लागला. करिश्मानं सायमाकडं बघितलं. सायमानं करिश्माकडं. बॉल धुळीत पडला, एकदा उसळला आणि गडगडत गेला.

सगळ्या पोरींच्या माना सवयीनं मैदानाच्या कडेला वळल्या. दबलेल्या मातीवर कुणी नव्हतं. बॉल आणायलाही कुणी हलेना.

इमामबीला एक आवाज ऐकू आला. घोगरा, बाईचा, या मैदानावर कधी न आलेला. तो आपलाच आहे हे तिला उशिरा कळलं.

"कुणाचा व्हता?"

"माझा," करिश्मा म्हणाली.

सायमाचे नुसते ओठ हलले. इमामबीनं पाहिलं, आणि या वेळी तिनं नजर वळवली नाही. वाट बघत राहिली. मग त्या अर्धं वय सरलेल्या बाईच्या गळ्यातून आवाज फुटला, वच्छलाबाईच्या भिंतीपर्यंत जाईल एवढा.

"माझा."

इमामबी खाली वाकली आणि दोऱ्याला गाठ मारायला लागली.

"माझाबी व्हता गं," ती म्हणाली.

सायमाला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. करिश्मानं बॉल पलीकडं फेकला होता आणि सायमा वर बघत होती.